कावा लावणारे मोमो उद्योजक कसे झाले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिजीच्या वानुआ लेवू बेटावर, सावूसावू गावाच्या वरच्या डोंगरात, एका कावा शेतकऱ्याच्या घरी मी दोन हंगाम राहिलो. त्यांना मी 'मोमो' म्हणायचो. तिकडच्या भाषेत मोमो म्हणजे आईचा भाऊ, आपला मामाच. मोमोंनी लहानपणापासून कावाच लावला. साठी जवळ आल्यावर मात्र त्यांनी शेतीचा रीतसर व्यवसाय काढला. मी परत आल्यापासून शेतकरी मित्र, विद्यार्थी आणि नातेवाईक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, अवघड ते पुढे आहेत.

१. कावा म्हणजे काय? कॉफीचा प्रकार की अरबी कहवा?

दोन्ही नाही, आणि गनिमी काव्याशीही त्याचा संबंध नाही. कावा हे प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं झुडूप आहे. मिरी, पिंपळी आणि विड्याचं पान ज्या कुळातले, त्याच कुळातलं. पानं हृदयाच्या आकाराची असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नागवेलच कुणीतरी उभी करून ठेवली आहे. पण हा वेल नाही. जमिनीतून पेरांची अनेक खोडं निघतात आणि झाड माणसाच्या डोक्यावर जातं. कामाची असतात ती मुळं. ती कुटून पाण्यात कालवून, गाळून पितात. पॉलिनेशियन भाषांमध्ये 'कावा' या शब्दाचा अर्थ 'कडू' असाही होतो. फिजीत याला 'यांगोना' म्हणतात, हवाईत 'आवा', पोनपेई बेटावर 'साकाऊ'.

२. ही दारू आहे का? प्यायल्यावर काय होतं?

यात अल्कोहोल नसतं आणि काही आंबवावंही लागत नाही. चव मातकट, कडसर. आधी जीभ आणि ओठ बधिर होतात. मग अंग सैल पडतं, मन शांत होतं, बोलणं हळू होतं. हा परिणाम मुळांतल्या कावालॅक्टोन नावाच्या द्रव्यांचा आहे. त्यांतली सहा मुख्य मानली जातात. वर्षानुवर्षं फार प्यायलं तर कातडी कोरडी पडून खवले धरतात. त्याला फिजीत 'कानीकानी' म्हणतात. यकृताबद्दलचं उत्तर प्रश्न १४ मध्ये आहे.

३. मोमो जन्मभर कावा लावत होते आणि विकतही होते. मग आधीही धंदाच चालू होता ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि माझ्या मते सगळं इथेच आहे.

मोमो कावा विकत होते, पण गरजेला. जानेवारी संपता संपता शाळा सुरू व्हायची, फी आणि गणवेशाचे पैसे लागायचे, की दहा झाडं उपटायची. घरात लग्न निघालं की वीस. चर्चच्या छपराची वर्गणी आली की पाच. झाड दोन वर्षांचं आहे की पाच, हे कोण पाहतो? गरज आज आहे ना. फिजीच्या खेड्यात कावा म्हणजे जमिनीत उभी असलेली ठेव. आपल्याकडे अडीनडीला शेळी विकतात, तसंच.

यात दोन तोटे होतात. कोवळं झाड उपटलं तर मुळं कमी भरतात आणि त्यांत जोरही कमी असतो. शिवाय शाळेच्या तोंडावर सगळ्यांनाच पैसे हवे असतात. व्यापारी दारात येऊन भाव सांगतो आणि माणूस तो घेतो. मोमोंना झाडाबद्दल जे ठाऊक होतं ते मी चार वर्षं कृषी महाविद्यालयात शिकूनही मला ठाऊक नव्हतं. पण कोणतं झाड कोणत्या साली लावलं, वर्षभरात किती विकलं आणि कशासाठी, हे त्यांच्याकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं. व्यवसाय सुरू झाला तो एका शाळकरी वहीपासून. नातीची अर्धी कोरी राहिलेली वही होती ती. पहिल्या पानावर त्यांनी वाफ्यांचे नकाशे काढले आणि प्रत्येक वाफ्यावर लागवडीचं साल घातलं. मला विचाराल तर उद्योजक झाले ते त्या दिवशी. नोंदणीचा कागद नंतर आला.

४. इतक्या उशिरा का सुचलं? नेमकं काय घडलं?

२० फेब्रुवारी २०१६ रोजी फिजीवर विन्स्टन हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ आदळलं. कोरो बेट उद्ध्वस्त झालं, सावूसावूच्या बाजूलाही मोठं नुकसान झालं. मोमोंची बरीच झाडं कोलमडली. मुळं हलली की कावा सडायला लागतो, म्हणून हाती लागलं ते त्यांनी खणून ओलंच विकून टाकलं. पुढच्या काही महिन्यांत देशभर माल कमी पडला आणि भाव चढत गेले. वर्षा-दोन वर्षांत चांगल्या वाळल्या मुळ्यांनी किलोला शंभर फिजी डॉलरची रेषा ओलांडली. मोमो तेव्हा रिकाम्या हातांनी बघत होते. ज्याने तोच माल वाळवून ठेवला होता, तो कमावत होता.

पण भाव चढलेला पाहून ते धावत सुटले नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं. त्यांनी आधीचा फुगा पाहिलेला होता. १९९० च्या दशकाच्या शेवटी युरोपातल्या औषध कंपन्या कावा मागत होत्या आणि गावोगाव लोकांनी रानं साफ करून लागवड केली. २००२ साली जर्मनीने कावाच्या औषधांवर बंदी घातली आणि मागणी कोसळली. कावा तयार व्हायला चार वर्षं लागतात. आज भाव पाहून लावणारा माणूस चार वर्षांनी इतर सगळ्यांबरोबरच बाजारात उतरतो. आपल्याकडे कांद्याचं तेच होतं, पण तिथे चूक एका हंगामात कळते. म्हणून मोमोंनी ठरवलं, भावाकडे न पाहता दरवर्षी सारखीच लागवड करायची (प्रश्न ५).

५. चार वर्षं थांबायचं तर तोवर खायचं काय?

कमीत कमी तीन वर्षं, चांगला माल हवा तर चार-पाच. शिवाय काढणी म्हणजे अख्खं झाड मुळासकट खणणं. आंब्यासारखं दरवर्षी फळ देणारं हे झाड नाही. एकदा काढलं की पुन्हा पहिल्यापासून.

उपाय साधा आहे, शिस्त मात्र कडक लागते. दरवर्षी, समजा, तीनशे झाडांचा एक वाफा लावायचा. पाचव्या वर्षापासून दरवर्षी एक वाफा काढायला येतो आणि एक नवा लागतो. मधल्या वर्षांत घर चालतं ते दालोवर. दालो म्हणजे आपला अळूच, पण तिकडे पानांपेक्षा कंदाला मान. सात-आठ महिन्यांत कंद तयार होतो आणि त्याच्या मोठ्या पानांची सावली कोवळ्या काव्याला मिळते. कावा मोठा झाला की दालोची गरज संपते. केळी, कसावा, नारळही असतातच.

६. बी कुठे मिळेल?

मिळणार नाही. कावाला बी धरतच नाही. हजारो वर्षं माणसाने खोडाच्या काड्यांवरूनच तो वाढवला आहे. तो मूळचा वानुआतूचा असावा असं अभ्यासक मानतात. तिथून होड्यांमधून तो बेटोबेटी गेला, म्हणजे प्रत्येक झाड कुणीतरी हाताने नेलेलं आहे.

निरोगी, पक्व खोड निवडून दोन-चार पेरांचे तुकडे करतात आणि सावलीतल्या वाफ्यात ओलाव्यात ठेवतात. पेरावरून कोंब आणि मुळं फुटली की रोप पिशवीत, मग रानात. दोन झाडांत एक ते दोन मीटर अंतर ठेवतात. जमीन भुसभुशीत, पाऊस भरपूर आणि निचरा उत्तम हवा. पाणी साचलं की झाड गेलं. मोमो पूर्वी खोडं शेजाऱ्यांना अशीच देऊन टाकत. आता त्यांची छोटी रोपवाटिका आहे. शेजाऱ्यांना अजूनही फुकट देतात, बाहेरच्यांना विकतात.

७. एकाच झाडाला वेगवेगळे भाव कसे?

कारण कावालॅक्टोन सगळीकडे सारखे नसतात. बाजूला पसरणाऱ्या मुळ्या म्हणजे 'वाका'. त्या सर्वांत जोरदार आणि सर्वांत महाग. जमिनीलगतचा गड्डा म्हणजे 'लेवेना', तो मधल्या भावाचा. त्यावरचे खोडाचे तुकडे म्हणजे 'कासा', सगळ्यांत स्वस्त. मोमो पूर्वी सगळं एकाच पोत्यात भरून उक्तं विकत. व्यापारी घरी नेऊन वेगळं करायचा आणि फरक त्याच्या खिशात जायचा. व्यवसाय म्हणून पहिला खरा नफा आला तो याच निवडीतून, घरच्या ओट्यावर बसून. हे काम मोमोंच्या पत्नी आणि सुना करतात, आणि वहीत त्यांची मजुरी मांडलेली असते. तो आग्रह सुनेचा होता.

८. वाळवण्याचं एवढं काय? उन्हात टाकलं की झालं ना?

असंच समजून बराच माल खराब होतो. पहारीने खणलेली मुळं त्याच दिवशी धुवावी लागतात. बेचक्यांतली माती ब्रशने काढायची, गड्ड्याचे तुकडे करायचे आणि जमिनीपासून उंच मांडवावर जाळीवर पातळ पसरायचं. जमिनीवर नाही, डांबरी रस्त्यावर तर मुळीच नाही. रोज उलथायचं. पावसाच्या प्रदेशात ऊन भरवशाचं नसतं, म्हणून वर प्लॅस्टिकचं पारदर्शक छप्पर लागतं. साधारण पाच किलो ओल्या मुळांतून एक किलो सुका माल निघतो. ओलावा १२ टक्क्यांच्या आत आला नाही तर पोत्यात बुरशी धरते, आणि बुरशीचा माल कुठलाही चांगला ग्राहक घेत नाही. मोमो मुळी मोडून आवाज ऐकतात. 'टक्' आलं तर तयार, नुसती वाकली तर अजून दोन दिवस.

९. सुरुवातीला भांडवल किती लागलं?

आकडा सांगून उपयोग नाही, कारण जमीन घरची आणि मजुरी घरची होती. पैसे कशावर घातले ते सांगतो: वाळवणीचा मांडव, वजनकाटा आणि पाण्याची टाकी. ट्रॅक्टर नाही, नावाची पाटी नाही. काटा पहिला घेतला, कारण त्याआधी वजन नेहमी घेणाऱ्याच्या काट्यावर व्हायचं. कर्जाचा विषय जमिनीशी जोडलेला आहे, तो पुढे.

१०. जमीन त्यांच्या नावावर आहे का?

नाही. फिजीतली दहापैकी जवळपास नऊ भाग जमीन मूळ फिजियन कुळांच्या सामाईक मालकीची आहे. अशा कुळाला 'मतांगाली' म्हणतात. ती विकता येत नाही. मोमोंचे वडील जो तुकडा कसत होते तोच ते कसतात, हे सारं गाव मानतं, पण कागद नाही. कागद नाही म्हणून बँक तारण धरत नाही. यावरचा मार्ग असा की स्वतःच्याच कुळाची जमीन जमीन-न्यास मंडळाकडून रीतसर भाडेपट्ट्याने घ्यायची. शेतीचे पट्टे साधारणपणे किमान ३० वर्षांचे असतात. आपल्याच जमिनीचं भाडं भरायचं, हे मोमोंना फार लागलं. कुळातल्या वडीलधाऱ्यांची संमती मिळवायला कित्येक बैठका झाल्या, प्रत्येक बैठकीत अर्थातच कावा. आज वाळवणीच्या मांडवाखालची आणि दोन वाफ्यांची जमीन पट्ट्यावर आहे, बाकी जुन्याच पद्धतीने.

११. गावातल्या लोकांनी मागितलं तर? नाही म्हणता येतं का?

फिजीत 'केरेकेरे' अशी रीत आहे. नातलगाने मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, आणि उद्या तुम्ही मागितलं तर त्यानेही म्हणायचं नसतं. वादळानंतर याच रीतीवर गावं उभी राहतात. पण दुकान काढलेल्या माणसाचा मालही याच रीतीने संपतो. बाहेरून आलेले सल्लागार सरळ सांगतात, केरेकेरे बंद करा. मोमोंना ते पटलं नाही, मलाही पटत नाही.

त्यांनी सगळ्यांत जवळचा, घराच्या वाटेवरचा वाफा वेगळा काढला. तो वहीत 'गावाचा' म्हणून लिहिला आहे. मयत, लग्न, पाहुणा, सरदाराकडचं बोलावणं, सगळा कावा तिथून. तो संपला तर मोमो म्हणतात, "चल, वाफा दाखवतो, पुढच्या सालासाठी दोघं मिळून लावू." मागायला आलेला माणूस बहुतेक वेळा फावडं घेऊन येतो. हेच आमच्याकडची सावड किंवा इर्जिक आहे. तिकडे त्याला 'सोलेसोलेवाकी' म्हणतात. मोठ्या लागवडीच्या दिवशी तीस-तीस माणसं येतात. त्यांना रोजगार नाही देत, जेवण आणि कावा देतात, आणि त्यांच्या लागवडीला मोमोंचे मुलगे जातात. हे देणंघेणंही वहीत आहे.

१२. सगळ्यांत मोठा धोका कोणता: रोग, वादळ की चोरी?

मोमो म्हणतात चोरी. चार वर्षं सांभाळलेलं झाड एका रात्रीत जातं, म्हणून काढणीच्या वाफ्याशेजारी झोपडी घालून मुलगे आळीपाळीने झोपतात. आंब्याच्या राखणीसाठी बागेत झोपलेल्यांना हे सांगायला नको.

रोगांत 'डायबॅक' वाईट. काकडीवर येणाऱ्या मोझॅक विषाणूमुळे खोडं काळी पडून कुजतात. तो मावा किडीतून पसरतो. म्हणून काव्यात काकडी-भोपळ्याच्या वेली, टोमॅटो, मिरची लावत नाहीत आणि आजारी झाडाची काडी कधीच घेत नाहीत. एकाच रानात सतत दालो आणि कावा घेऊन माती थकली की खाजकुइलीच्या जातीचं आच्छादन पीक घेतात. तावेउनी बेटावर हे चांगलं रुजलं आहे. वादळाला उपाय नाही. वाफे डोंगराच्या दोन बाजूंना विभागून ठेवायचे, एवढंच हातात असतं.

१३. 'नोबल' कावा आणि 'टू-डे' कावा यांत फरक काय? सगळा कावा विकता येतो का?

नाही, आणि इथे नवखे फसतात. नोबल म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रोज पिण्यासाठी निवडलेले वाण. टू-डे वाण लवकर वाढतात आणि भरपूर भरतात, पण त्यांची गुंगी आणि मळमळ दुसऱ्या दिवशीही राहते, म्हणून ते नाव: 'टू-डे' म्हणजे दोन दिवसांचा. वानुआतूने २००२ साली कावा कायदा करून नोबल वाणांची यादी केली आणि टू-डेच्या निर्यातीला आळा घातला. २०२० साली पाण्यात कालवून प्यायच्या काव्यासाठी प्रादेशिक कोडेक्स मानकही (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांतलं) आलं. मोमोंच्या रानात दामू आणि लोआ हे वाण आहेत. प्रत्येक वाफ्यात एकच वाण. मिसळलेला माल परत मिसळलेल्याच भावाला जातो.

१४. यकृत खराब होतं म्हणतात. मग हे विकणं बरोबर आहे का?

हा प्रश्न मी मोमोंनाही विचारला होता. २००२ च्या बंदीमागे यकृताच्या आजाराच्या नोंदी होत्या आणि त्या प्रामुख्याने गोळ्या-कॅप्सूलमधल्या अर्कांच्या होत्या. २०१४ साली जर्मनीतल्या न्यायालयाने ती बंदी चुकीची ठरवली, पुढे २०१९ मध्ये तिथे परवाने पुन्हा काढून घेतले गेले. पाण्यात कालवलेल्या पारंपरिक पेयाचा धोका कमी असल्याचं अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या २०१६ च्या आढाव्यात म्हटलं आहे. तरी शून्य नाही. यकृताचा आजार असेल, गरोदरपण असेल, दारू किंवा रोजची औषधं चालू असतील, तर घेऊ नये. पानं आणि खोडाची साल यांत अल्कलॉइड प्रकारचं वेगळं रसायन असतं, ती पेयात जायलाच नको. तेजीच्या काळात वजन वाढवायला सालींचीही विक्री झाली होती. म्हणून मोमो साली रानातच कुजवतात. "जे मी नातवाला देणार नाही ते पोत्यात नाही," हे त्यांचं उत्तर.

१५. माल जातो कुठे? निर्यात स्वतः करतात का?

निम्म्याहून जास्त सावूसावूच्या आणि राजधानी सुवाच्या बाजारात. परदेशी माल पाठवायला जैवसुरक्षा खात्याचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं आणि नियमित मोठं वजन लागतं. एकट्याचं ते काम नाही. म्हणून पाच शेतकरी मिळून एका निर्यातदाराला माल देतात. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२१ मध्ये व्यापारी आयात प्रायोगिक तत्त्वावर खुली केली, त्यानंतर निर्यातीची विचारणा वाढली.

१६. फिजीतले भारतीय वंशाचे लोकही कावा पितात का?

हो, मनापासून. १८७९ पासून गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या मजुरी करारावर, साठ हजारांहून अधिक भारतीय ऊसमळ्यांत नेले गेले. त्यांच्या वंशजांच्या घरी संध्याकाळी काव्याचं भांडं असतं, त्याला ते 'ग्रॉग' म्हणतात. मोमोंचा पहिला कायमचा ग्राहक सावूसावूतला असाच एक दुकानदार होता. पैसे महिन्याने दिले तरी बोलल्याप्रमाणे दिले. वहीत हिशोब दोन बाजूंना कसा मांडायचा, हे मोमोंना त्यानेच शिकवलं.

१७. कोकणात लागवड करता येईल का? काड्या आणून द्याल का?

काड्या आणून देणार नाही, कृपया मागू नका. आयात परवाना आणि विलगीकरणाशिवाय जिवंत रोप किंवा काडी देशात आणणं बेकायदा आहे आणि आपल्या मिरी-पानमळ्यांसाठी धोक्याचंही. काव्यावरचा रोग त्याच्याच भावंडांवर आला तर?

हवामानाचं म्हणाल तर आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे जांभा तापतो. काव्याला वर्षभर ओल लागते. बारमाही शिंपणाच्या कुळागरात कदाचित जगेल. पण त्या सावलीत मिरी आहे, जायफळ आहे, आणि त्यांचा ग्राहक आपल्या दारात आहे. मोमोंकडून घ्यायचं असेल तर वही, काटा, वाळवणीचा मांडव आणि दरवर्षी न चुकणारी लागवड घ्या (प्रश्न ३, ५, ८). ते मिरीला जसंच्या तसं लागू पडतं. माझ्या वडिलांच्या बागेत मी तिथूनच सुरुवात केली आहे.

१८. फिजीला गेलो तर असं शेत पाहता येईल का? काय न्यावं?

येईल, पण न विचारता रानात शिरू नका. प्रश्न १२ वाचला असेल तर कारण कळेल. आधी बाजारातून अर्धा किलो वाका घ्या, वर्तमानपत्रात बांधलेली जुडी मिळते. गावात शिरताना टोपी आणि गॉगल काढा, खांदे झाकलेले ठेवा. ज्यांच्याकडे जायचं त्यांच्यापुढे मांडी घालून बसा आणि जुडी समोर ठेवा. याला 'सेवूसेवू' म्हणतात. ती स्वीकारली गेली की गाव तुम्हाला पाहुणा मानतं. मग 'तानोआ' या लाकडी परातीत कावा कालवला जाईल आणि करवंटीची वाटी तुमच्यापुढे येईल. आधी एक पोकळ टाळी वाजवा, 'बुला' म्हणा, एका दमात प्या, वाटी परत द्या, मग तीन टाळ्या. चव आवडली नाही तरी तोंड वाकडं करू नका. पुढच्या वेळी अर्धी वाटी हवी असेल तर 'लो टाईड' म्हणा, वाढणारा हसतो आणि अर्धीच भरतो.